निनावी पत्रक आणि तेरा मते

राष्ट्रपतिपदाची निवडणूक ही आपल्याकडे सभ्य माणसांची निवडणूक समजली जाते. भोंगे नाहीत, प्रचारफेऱ्या नाहीत, भिंती रंगवणे नाही. मतदार म्हणजे फक्त खासदार आणि आमदार. मीही बरीच वर्षे असेच समजत होतो. पंधरा वर्षांपूर्वी यवतमाळातल्या एका दिवंगत वकिलांच्या घरची पुस्तके विक्रीला निघाली, त्यांत न्यायनिवाड्यांचे जुने बांधीव खंड होते. कायदा मी कुठे शिकलेलो नाही. कोश शेजारी ठेवून वाचतो. १९७० च्या खंडात ‘शिव कृपाल सिंह विरुद्ध व्ही. व्ही. गिरी’ हा निकाल हाती लागला आणि माझा समज तिथेच संपला.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. इंदिरा गांधींना ते नको होते, पण स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण या महाराष्ट्रातल्या दोघांनीही रेड्डींच्या बाजूने कौल दिला. १९ जुलैला बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, २० जुलैला गिरींनी राजीनामा दिला आणि ते अपक्ष म्हणून उभे राहिले. हंगामी राष्ट्रपतिपद सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्याकडे आले, म्हणजे नागपूरच्या मॉरिस कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्याकडे. रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून इंदिराबाईंचीच सही होती, आणि पुढे ‘विवेकबुद्धीने मत द्या’ असा संदेशही त्यांच्याच बाजूने गेला. राजकारणात असे घडते; त्यात नवल नाही.

नवल पुढे आहे. मतदान १६ ऑगस्टला होते. त्याआधीच्या आठवड्यात रेड्डींच्या खासगी चारित्र्यावर अत्यंत गलिच्छ आरोप करणारे एक निनावी पत्रक खासदारांपर्यंत पोचले आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहातही वाटले गेले. त्यातला मजकूर मी इथे देत नाही. निकालपत्रात त्याची चर्चा आहे, ज्याला हवे त्याने तिथे पाहावे. पन्नास वर्षांहून जुनी घाण पुन्हा ढवळून तिला वाचक मिळवून देणे हे संशोधन नव्हे, असे माझे मत आहे.

या लढतीत तिसरा उमेदवार आपला मराठी माणूस होता : चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातले नाते हे त्यांचे जन्मगाव. आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले आणि नोकरीची सुरुवात त्यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडात केली, म्हणजे एका अर्थी ते आमच्याकडचेच अधिकारी. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, केंद्रात अर्थमंत्री झाले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद करणारा हा माणूस जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्याने उभा होता. त्यांच्यावर चिखल उडाला नाही, पण त्यांच्या नावाचा उपयोग दुसऱ्यावर उडवायला झाला. देशमुखांच्या पाठीराख्यांची दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना मिळावीत म्हणून काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा त्या पक्षांच्या नेत्यांना भेटले आणि रेड्डी उजव्यांना विकले गेले अशी ओरड सुरू झाली.

आता आकडे पाहू, कारण या प्रकरणाचा जीव आकड्यांत आहे. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतक्या मूल्याची मते पडली. उमेदवार एकंदर पंधरा. उरलेल्या बारा जणांची मिळून साडेआठ हजारांच्या आसपास. बाकीचे बाद होत जाऊन दुसऱ्या पसंतीची मते वाटली गेली, तेव्हा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ वर आले. म्हणजे रेड्डींच्या खात्यात जवळपास ब्याण्णव हजारांची भर पडली, गिरींच्या खात्यात साडेअठरा हजारांची. तरी रेड्डी १४,६५० ने पडले.

त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते, महाराष्ट्रातल्या आमदाराचे १४६. पुसदचे आमदार असलेल्या मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या मताचेही तेवढेच. मी कागदावर हिशेब मांडला. गिरींना मत दिलेले तेरा खासदार रेड्डींकडे वळले असते तर निकाल उलटला असता. फक्त तेरा. ज्या सभागृहात ते पत्रक हातोहात फिरले, तिथे तेरा माणसे म्हणजे चहाची दोन टेबले.

अध्यक्षपदासाठी चिखलफेक अमेरिकेतही जुनी आहे. १८२८ साली अँड्र्यू जॅक्सन यांच्या पत्नी रेचेल यांच्यावर, पहिला घटस्फोट पुरा होण्याआधीच दुसरे लग्न केले म्हणून, जाहीर शिंतोडे उडवले गेले. निवडणूक जिंकल्यावर थोड्याच दिवसांत, डिसेंबरात, त्या वारल्या, आणि जॅक्सन यांनी त्याचा दोष शेवटपर्यंत या निंदकांना दिला. पण तिथे निंदकाला नाव होते. सिनसिनाटीचा संपादक चार्ल्स हॅमंड आपल्या पत्रातून उघड लिहीत होता. आमच्या जांबुवंतराव धोट्यांनी विधानसभेत पेपरवेट भिरकावला तोही सर्वांदेखत, आणि १९६४ साली त्यापायी सदस्यत्व घालवले. मी त्याचे समर्थन करत नाही. पण फेकणारा हात दिसत होता.

इथे तो दिसला नाही. निवडणुकीविरुद्ध याचिका झाल्या आणि पदावर असलेले राष्ट्रपती गिरी स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्षीला आले. त्यांना तसे करण्याची सक्ती नव्हती, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. एका साक्षीदाराचे ध्वनिमुद्रित संभाषण पुरावा म्हणून चालेल की नाही, हा वादही याच खटल्यात निघाला. ते चालेल असे न्यायालयाने ठरवले आणि आजही वकील त्याचा दाखला देतात. मुख्य प्रश्न मात्र वेगळा होता. उमेदवाराच्या चारित्र्याविषयी खोटे छापणे हा एक गुन्हा आणि मतदारावर गैरवाजवी दबाव आणणे हा दुसरा. मग घाणेरडे पत्रक हा दबाव ठरतो का? गिरींच्या वकिलांचे म्हणणे, नाही. बहुमताच्या न्यायमूर्तींनी म्हटले, ठरू शकतो. बदनामी इतकी टोकाची असेल की मतदाराचे मन मोकळे राहणार नाही, तर तिला नुसते खोटे विधान म्हणून सोडता येणार नाही. पत्रक मध्यवर्ती सभागृहात वाटले गेले हेही मान्य झाले. पण त्यात गिरींची मिलीभगत सिद्ध झाली नाही आणि निकालावर ठोस परिणाम झाल्याचेही सिद्ध झाले नाही. याचिका फेटाळल्या गेल्या.

कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच असेल. गुप्त मतदानात कोणाचे मन कशाने फिरले हे सिद्ध करायचे तरी कसे? माझी अडचण तिथेच आहे. मत गुप्त आणि पत्रक निनावी, अशी दोन कुलुपे एकावर एक बसली की नुकसान झालेल्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही. १९७४ साली कायदा बदलला. दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजारांची अनामत आली, म्हणजे हौशी उमेदवारांचा बंदोबस्त झाला. निनावी पत्रक काढायला मात्र सूचक लागत नाही.

२००७ मध्ये अमरावतीच्या सूनबाई प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या तेव्हा बँक आणि साखर कारखान्यावरून भरपूर आरोप झाले. ते खरे की खोटे हा वेगळा विषय. पण करणारे पत्रकार परिषद घेत होते, नावानिशी लिहीत होते, त्यामुळे उत्तर द्यायला समोर कोणीतरी होते. त्या ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा निवडून आल्या.

या विषयाने मला धरून ठेवले त्याचे एक घरगुती कारण आहे. १९८६ साली माझे काका गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते. मतदानाच्या आदल्या रात्री दारोदार एक पत्रक पडले, खाली सही नाही. मजकूर काकूबद्दल होता. काका सात मतांनी पडले. त्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही. लिहिणारा कोण, याचे अंदाज गावात आजही चालतात, आणि अंदाजात नाव आलेल्या एका घराशी आमचे बोलणे अजून बंद आहे. तो माणूस निर्दोषही असेल.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना मी हे सारे सांगितले. तेरा खासदारांचा हिशेबही, आणि जुलै १९७७ मध्ये तेच रेड्डी राष्ट्रपतिपदावर बिनविरोध निवडून आले हेही. त्यांनी नीट ऐकून घेतले. मग विचारले, “मंग रेड्डीले आठ वर्सानं खुर्ची भेटली म्हन. पन तो पत्रक लिवनारा त्याईच्या घरी आला काय कधी, का बापा, मी खोटं लिवलं व्हतं?”

मी म्हणालो, निकालपत्रात तसे काही नाही.