पालकाची सही

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये माझ्या मुलीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदांचा एक गठ्ठा आणून ठेवला. म्हणाली, "आई, तू अनुवादक आहेस ना? मग नीट वाच आणि सही कर."

लष्करी अधिकारी होण्यासाठीच्या प्रशिक्षणात तिची निवड झाली होती. त्या गठ्ठ्यात पालकाने द्यायचे एक प्रमाणपत्र होते आणि एक बंधपत्र. पहिल्याचा आशय असा, की प्रशिक्षणाच्या काळात किंवा त्याचा परिणाम म्हणून पाल्याला इजा झाली, कायमचे व्यंग आले, त्या इजेवरच्या शस्त्रक्रियेत किंवा भूल देताना मृत्यू आला, तरी आपण सरकारकडे भरपाई मागू शकणार नाही, हे मला पूर्णपणे समजले आहे. दुसऱ्याचा आशय असा, की ठरावीक कारणांनी पाल्य अर्ध्यातून बाहेर पडले तर झालेला खर्च परत करावा लागेल.

वीस वर्षे मी दोन भाषांच्या मध्ये बसून पोट भरते आहे. करारनाम्यांचे, अटी-शर्तींचे अनुवादही केले आहेत. असल्या मजकुरात 'पूर्णपणे समजले आहे' हे शब्द आले की ते यांत्रिकपणे उतरवायचे, अशी हाताला सवय. त्या दिवशी मात्र हात थांबला. नक्की काय समजले आहे मला? मुलगी समोर उभी होती. मी सही केली.

सही करून झाल्यावर एक प्रश्न मागे राहिला. सैनिक घडवण्याच्या इतिहासात आईबाप कुठे सापडतात? मोहिमा, पलटणी, सेनापती, पगार, पेन्शन यांच्यावर पुस्तकेच पुस्तके आहेत. ज्यांनी पोर पाठवले त्यांची नोंद कुठे असते? मी शोधू लागले तेव्हा लक्षात आले, की ती बहुतेक दोनच जागी असते. सुरुवातीला, देणेघेणे ठरवताना. आणि अगदी शेवटी, समारंभात किंवा स्मारकावर. मधली पाने कोरी.

सुरुवातीच्या देण्याघेण्यासाठी आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे: शिलेदार. मूळ फारसी 'सिलाहदार', म्हणजे शस्त्र बाळगणारा. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराच्या घोड्यामागे अर्थातच घर होते. शेत, सावकार, बापाचा शब्द होता. इंग्रजांनी हिंदी घोडदळ उभे केले तेव्हा हा शब्द आणि ही पद्धत दोन्ही उचलली. त्यांच्या 'सिलादार' रिसाल्यात भरती होणारा जवान 'असामी' म्हणून काही शे रुपये रेजिमेंटकडे ठेव ठेवी. त्यातून त्याचा घोडा, खोगीर, कपडे यांची सोय होई आणि नोकरी संपली की ठेव परत मिळे. विशीच्या आतल्या शेतकऱ्याच्या पोराजवळ काही शे रुपये कुठून येणार? ते घर उभे करी. पहिल्या महायुद्धात घोडे इतक्या झपाट्याने मेले की ही व्यवस्था कोलमडली, आणि युद्धानंतरच्या फेररचनेत ती मोडीत निघाली. पालकाची पहिली 'सही' म्हणजे ही ठेव. तिचा हिशेब दफ्तरात आहे. ती ठेवताना घरात काय बोलणे झाले, ते नाही.

पायदळात जाणाऱ्याला ठेव लागत नसे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला हिंदी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. साताऱ्याच्या आणि कोकणच्या गावागावांतून पोरे गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लावतात; त्या युद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यापर्यंत पोहोचल्या. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलच्या लढाईत होत्या.

इथे पहिल्यांदा मधल्या पानांवर काही अक्षरे दिसतात. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांचा टपाल-व्यवहार तपासायला इंग्रजांनी सेन्सॉरचे कार्यालय नेमले. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांतली पत्रे तिथे वाचली जात, निवडक भाग इंग्रजीत उतरवले जात आणि त्यांचे अहवाल वर जात. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतून निवडलेल्या पत्रांचे पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. तौलनिक साहित्याच्या वर्गात असताना ते मी पहिल्यांदा वाचले. तेव्हा मला त्यात फक्त अनुवादाचा प्रश्न दिसला होता: मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झालेली, उरले ते इंग्रजी. पत्राच्या डोक्यावर मूळ भाषेचे नाव, खाली त्या भाषेतला एकही शब्द नाही.

मुलगी गेल्यानंतर ते पुस्तक पुन्हा काढले, तेव्हा वेगळेच दिसले. शिपायांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पत्र सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे. गावी आईबापांनाही वाचता येत नसे. तिसऱ्याने वाचून दाखवायचे. सेन्सॉर आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून सांकेतिक भाषा आली. काही पत्रांत हिंदी सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्या सैनिकांना लाल मिरची म्हटले जाई. काळी मिरी संपत आली, एवढे लिहिले की घरच्यांनी ओळखायचे. धाकट्या भावाला भरती होऊ देऊ नका, असा निरोप आडवळणाने पोहोचवायचा. म्हणजे सरकारच्या सेन्सॉरआधी एक सेन्सॉर लिहिणाऱ्याच्या मनात बसलेला असे. आणि आई? तिचा आवाज लेखनिकाच्या हातून, सेन्सॉरच्या डोळ्यांखालून, अनुवादकाच्या इंग्रजीतून चौथ्या तोंडाने माझ्यापर्यंत आला होता. माझ्या धंद्यात याला आपण 'हानी' म्हणतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो.

अधिकारी होण्याची वाट हिंदी मुलांना उशिरा खुली झाली. १९१८ पासून इंग्लंडच्या सँडहर्स्टला वर्षाला दहा जागा. तिथले शिक्षण म्हणजे घरच्यांना मोठा खर्च. साहजिकच ती वाट मूठभर घराण्यांची. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात त्या वाटेने जाऊन १९२६ मध्ये अधिकारी झाले आणि पुढे लेफ्टनंट जनरल पदापर्यंत पोहोचले. १९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत ४० जण होते. खुल्या परीक्षेतून आलेले १५. त्यांतला एक सॅम माणेकशा. त्याला लंडनला जाऊन डॉक्टर व्हायचे होते, अमृतसरला डॉक्टर असलेल्या वडिलांनी 'अजून लहान आहेस' म्हणून अडवले, आणि रागाच्या भरात त्याने सैन्याची परीक्षा दिली. फील्ड मार्शलच्या चरित्रात हा किस्सा नेहमी हसत सांगितला जातो. पोर डोळ्यांआड जायला नको म्हणून नकार दिलेल्या त्या बापाने ती बातमी कशी पचवली असेल, हे मला आता विचारावेसे वाटते.

स्वातंत्र्यानंतर घराची पत कमी आणि परीक्षेतली गुणवत्ता जास्त मोजली जाऊ लागली. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसवली. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात उघडली. प्रबोधिनीचा प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा. पालकाने फक्त किरकोळ खर्चाला पैसे पाठवायचे, तेही ज्यांना झेपत नाही त्यांच्या मुलांना साहाय्य. शिलेदाराच्या ठेवीपासून हा फार मोठा पल्ला होता. पैशाच्या ऐवजी आता पालकाकडून कागदावरची सही मागितली जाऊ लागली.

याच काळातली एक गोष्ट माझ्या घरातली. माझे वडील १९६५ च्या सुमाराला कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे, आणि गावातली दोन-तीन पोरे तिथे रंगरूट म्हणून असायचीच. त्यांची आंतरदेशीय पत्रे, मनिऑर्डरच्या चिटोऱ्यावरच्या चार ओळी घेऊन आया संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर यायच्या. "मास्तर, काय म्हणतंय पोरगं?" बाबा वाचून दाखवायचे. हवालदार फार मारतो, रात्री झोप येत नाही, पळून यावेसे वाटते, असे काही असले तर ते वाक्य गाळायचे, आणि पोराला उत्तर लिहिताना आईच्या तोंडी नसलेले एखादे धीराचे वाक्य घालायचे. मी एकदा विचारले होते, "हे बरोबर होतं का?" बाबा म्हणाले, "सगळं वाचायचं नसतं. आणि त्या बायकांना कळत होतं. मी थांबलो की त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या."

आता माझ्या मुलीकडे येते. प्रबोधिनीच्या प्रवेशाच्या जुन्या मसुद्यांत पालकाच्या प्रमाणपत्रात शब्द होता, 'मुलगा किंवा पाल्य'. मुलगी त्या वाक्यात नव्हती, कारण ती त्या दारातच नव्हती. १९९२ पासून स्त्रियांना चेन्नईच्या ओटीएमधून सैन्यात प्रवेश मिळू लागला, पण तो पदवीनंतर. बारावीनंतरचे दार ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने उघडले. २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये १७ जणी संचलन करून बाहेर पडल्या. त्या दिवशी मी दूरदर्शनसमोर बसून पाहात होते. कॅमेरा आयांच्या चेहऱ्यांवर दोन-दोन सेकंद थांबत होता.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली दुसरी बातमी मी एकटीने वाचली. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी परतावे लागलेल्या छात्रांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. १९८५ पासून असे सुमारे ५०० छात्र. त्यांना सानुग्रह मदत मिळते, पण कमिशन मिळण्याआधीच बाहेर पडल्यामुळे माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्यांतली काही मुले आज मध्यमवयीन आहेत आणि म्हातारे आईबाप त्यांची शुश्रूषा करत आहेत. मी कपाटातून सही केलेल्या कागदाची प्रत काढली. 'पूर्णपणे समजले आहे.' त्या आईबापांनाही समजले होते, असे कागद म्हणतो.

असले काही माझ्या मुलीला झालेले नाही. तिला झाले ते किरकोळ. पहिल्या सत्रात फोन क्वचित येई, म्हणून ती पत्र लिही, आणि दर पत्रात 'सगळं मस्त' असे. सुट्टीत घरी आली तेव्हा कळले, की तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "आणि आजोबा दवाखान्यात होते ते तू कधी सांगणार होतीस?" मला उत्तर सुचले नाही. ब्रिटिश लायब्ररीतल्या अहवालांवर मी निबंध लिहिले होते. सेन्सॉरचे कार्यालय आमच्या घरीच दोन्ही टोकांना चालू होते.

त्या सुट्टीत आमचा करार झाला. या करारात कायद्याची भाषा नाही. दर पत्रात प्रत्येकीने एक तरी खरी गोष्ट लिहायची. गोड नसली तरी चालेल.

शेवटचे पान, समारंभाचे, आता पूर्वीपेक्षा भरलेले असते. डेहराडूनला संचलनानंतर आईबाप पोराच्या खांद्यावर तारे लावतात. रेजिमेंटच्या केंद्रांत जवानांच्या पालकांना गौरव पदक देतात. शेतावरून आलेली माणसे ते छातीला लावून फोटो काढतात. हे चांगलेच झाले. आमची पाळी यायला अजून वेळ आहे, आणि येईलच असे मी धरून चालत नाही. कोऱ्या पानांची काळजी मात्र आम्हालाच घ्यावी लागणार.

गेल्या आठवड्यात तिचे पत्र आले. त्यातली खरी गोष्ट अशी: 'पायाच्या अंगठ्याचं नख निघालं. बूट काढल्यावर मोज्यातच राहिलं होतं. नवीन येतंय.'

बाबांना आता अक्षर दिसत नाही. संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ बसून मी पत्र वाचून दाखवते. नखाच्या ओळीपाशी आले, थांबले आणि खालची ओळ वाचली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.