थापटणे आणि खुर्ची

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून न्हाणे झाले की अंग पुसायच्या पंचावर पिवळे डाग पडतात. पुढे तो पंचा साबणाच्या पाण्यात पडतो आणि पाहता पाहता पिवळ्याचे तांबडे होते. घरातले लहान मूल घाबरून विचारते, "आजी, रक्त?" आजी हसून म्हणते, "रक्त नव्हे रे, हळद आहे ती!" हळदीला क्षार भेटला की ती तांबडी होते. आपले कपाळावरचे कुंकूही हळदीच्या याच गुणावर तयार होते. पदार्थ आम्ल की क्षार, हे रंग पालटून सांगणाऱ्या द्रव्याला रसायनशास्त्रात 'दर्शक' म्हणतात. म्हणजे हे शास्त्र शिकण्याआधीच आपण त्यातली एक परीक्षा घरोघर करीत आलो आहोत!

ती हळद वसमतच्या बाजारातून आलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हिंगोली जिल्हा हा हळदीचा जिल्हा. परंतु आज मला सांगायचे आहे ते हळदीच्या नव्हे, माणसांच्या परीक्षेविषयी. आपल्याकडच्या महाविद्यालयांत पावसाळ्याच्या सुमारास 'रसायनशास्त्र अभ्यास मंडळ' स्थापन होते. फलक लागतो, उद्घाटन होते, आणि त्याआधी चार दिवस एकच चर्चा चालते: अध्यक्ष कोण आणि सचिव कोण? कोणी म्हणतो, पहिल्या नंबराचा मुलगा घ्या. कोणी म्हणतो, भाषण ठोकणारा घ्या. कोणी म्हणतो, खुर्च्या मांडण्यापासून आभार मानण्यापर्यंत धावपळ करील असा घ्या. वाद लहान खरा. पण याच वादाने जगातल्या थोर थोर रसायनमंडळांना घाम फोडला आहे.

उमेदवार पारखायचा कसा, या प्रश्नाशी हिंगोलीच्या मातीचे नाते फार जुने आहे. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असताना घडलेली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, "काका, हे काय?" काका म्हणाले, "मडके कच्चे की पक्के, हे याने कळते." "मग आमचीही मडकी पाहा की!" काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे निमूट बसले, नामदेव तेवढे रागावले, आणि तेच मडके कच्चे ठरले. पुढे ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि तेथे त्यांना गुरू लाभला.

या कथेत आपण बहुधा नामदेवांचा राग लक्षात ठेवतो. मला त्यातल्या दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. थापटणे सर्वांवर सारखे पडले, ही एक. आणि कच्चे ठरलेल्याला कोणी कायमचे बाहेर काढले नाही, त्याला पक्के होण्याची वाट मोकळी राहिली, ही दुसरी.

आता जरा दूर, लंडनला जाऊ. तेथे १८४१ साली केमिकल सोसायटी स्थापन झाली आणि टॉमस ग्रॅहम तिचे पहिले अध्यक्ष झाले. वायूंच्या विसरणाचा नियम सांगणारे ते हेच ग्रॅहम. माणूस पारखून घेतला होता, यात शंका नाही. परंतु या सोसायटीच्या रांगेत स्त्रियांना उभेच राहता येत नव्हते. १९०४ साली एकोणीस स्त्री-रसायनज्ञांनी सभासदत्वासाठी अर्ज केला. गंमत अशी की त्याच वर्षी सोसायटीने मादाम क्यूरींना परदेशी सन्माननीय सभासद करून घेतले! पॅरिसची बाई चालत होती, लंडनची चालत नव्हती. दार उघडले ते १९२० साली. त्या सोसायटीची वारस असलेल्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, लेस्ली येलोलीज, बसली ती २०१२ साली. म्हणजे मूळ स्थापनेनंतर १७१ वर्षांनी! अमेरिकन केमिकल सोसायटीला पहिली स्त्री अध्यक्ष, ॲना हॅरिसन, १९७८ साली मिळाली.

आपल्याकडे इंडियन केमिकल सोसायटी १९२४ साली कलकत्त्यास निघाली. अशी संस्था असावी हा विचार पाच वर्षांपूर्वी लंडनमध्ये शिकत असलेल्या ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी आणि शांतिस्वरूप भटनागर या तरुणांनी बोलून ठेवला होता. अध्यक्ष कोण, हा प्रश्न तेथे अवघड नव्हता. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी भारतीय रसायनविद्येचा इतिहास लिहिला होता, बेंगॉल केमिकल हा कारखाना उभारला होता, आणि १९२१ साली साठी गाठल्यावर विद्यापीठातले आपले वेतन रसायन विभागासाठी सोडून दिले होते. घोष आणि मुखर्जी हे तर त्यांचेच विद्यार्थी. असा उमेदवार पुढे असला म्हणजे मतपेटीची गरज लागत नाही.

पण सगळ्याच खुर्च्यांचा इतिहास असा सरळ नाही. आपल्या मराठी घरातलीच एक हकीकत पाहा.

कमला भागवत ही रसायनज्ञांच्या घरातली मुलगी. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या आणि त्याच संस्थेत संशोधनासाठी त्यांनी अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिकाचे मानकरी, आणि त्या संस्थेच्या संचालकपदी त्याच वर्षी बसलेले पहिले भारतीय. जी खुर्ची तोवर गोऱ्यांसाठी राखलेली, तिच्यावर ते बसले होते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण गुण नव्हे, अर्जदार मुलगी होती हे!

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. "मला का घेत नाही ते सांगा," म्हणून त्यांनी संचालकांच्या दारी सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. एक वर्ष नियमित विद्यार्थी मानणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडवायचे नाही! मुलग्यांना यातली एकही अट नव्हती. थापटणे एकाच डोक्यावर मारायचे, असा तो न्याय. सुदैवाने श्रीनिवासय्या नावाचे कडक पण न्यायी गुरू लाभले. वर्ष सरले, काम पाहून संचालकांचे मन पालटले आणि संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठी उघडले. कमलाबाई १९३६ साली एम.एस्सी. झाल्या, केंब्रिजला गेल्या, आणि वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम-सी' हे श्वसनाला लागणारे द्रव्य असते हे त्यांनी बटाट्यावर काम करून दाखवले. १९३९ साली त्या डॉक्टर झाल्या. प्रबंध अवघा चाळीस पानांचा!

१९४७ साली विवाहानंतर त्या कमला सोहोनी होऊन मुंबईस आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या. गरिबांच्या आहारातल्या कडधान्यांवर आणि नीरेवर त्यांनी विद्यार्थ्यांकडून संशोधन करवून घेतले. एवढे होऊनही त्या संस्थेची संचालकाची खुर्ची त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे चार वर्षांचा विलंब झाला, आणि त्याचे कारण त्यांचे स्त्रीपण असावे, असे त्यांच्या आयुष्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. तरी त्या संचालक झाल्याच. निवृत्तीनंतर ग्राहक मार्गदर्शनाच्या कामात त्या रमल्या, आणि १९८२-८३ साली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या अध्यक्षपदी निवडून आल्या. प्रयोगशाळेतले ज्ञान गृहिणीच्या पिशवीपर्यंत पोहोचवणारी ही संस्था १९६६ साली नऊ स्त्रियांनी सुरू केलेली. १९९८ साली कमलाबाई गेल्या. त्यांच्या आधी, १९७५ साली, असीमा चटर्जी या रसायनज्ञ बाई इंडियन सायन्स काँग्रेसच्या पहिल्या स्त्री सरअध्यक्ष झाल्या होत्या.

कोणी म्हणेल, शेवटी खुर्ची मिळाली ना, मग तक्रार कशाची? तक्रार गेलेल्या वर्षांची आहे. कमलाबाई दारी ठिय्या देऊन बसल्या म्हणून त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. नकाराचे पत्र घडी घालून पेटीत ठेवून ज्या घरी परतल्या असतील त्यांनी कोणते शोध लावले असते, याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडणार नाही. त्यांची मडकी कच्ची ठरली असे नव्हे. ती कोणी वाजवूनच पाहिली नाहीत.

आता पुन्हा हळदीकडे येऊ. हळदीत मेटॅनिल यलो नावाचा रंग मिसळला आहे का, हे प्रयोगशाळेत असे पाहतात: हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की गुलाबी तांबडा रंग येतो. नुसती हळद असेल तर पाणी वाढवताच तो नाहीसा होतो, भेसळ असेल तर टिकून राहतो. हळद कोणाच्या शेतातली, कोणाच्या अडतीवरची, हे ती परीक्षा विचारीत नाही. वसमतच्या हळदीला एक आम्ल आणि सांगलीच्या हळदीला दुसरे, असे कोणी केले तर त्याला आपण रसायनज्ञ म्हणणार नाही.

दिवाळीची सुटी संपली की महाविद्यालये पुन्हा भरतील. पुढच्या पावसाळ्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथे कोठेतरी पुन्हा एका मंडळाचा फलक लागेल आणि अध्यक्षपदासाठी नावे निघतील. तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा त्या वर्गात असेल, तर त्यांना एवढेच सांगा: नावे निवडण्यापूर्वी वर्गात एकदा मागच्या बाकापर्यंत नजर टाका. कोण काम करते ते पाहा, चुकलेला प्रयोग कोण लपवीत नाही ते पाहा, आणि ज्याचे नाव कोणीच घेतले नाही त्यालाही एकदा विचारा. त्यानंतर जो निवडून येईल त्याचे आनंदाने अभिनंदन करा. आणि घरी पंचावर उटण्याचे डाग पडले असतील, तर ते धुण्याआधी मुलांना बोलावून तो तांबडा रंग अवश्य दाखवा.