तत्त्वज्ञान घेऊन काय करायचे?

जून महिना आला की मंडळाच्या बैठकीत ‘मुलीने कॉलेजात कोणता विषय घ्यावा?’ हा प्रश्न हमखास निघतो. एखादीने तत्त्वज्ञानाचे नाव काढले, तर ‘त्याचा पुढे उपयोग काय?’ असे म्हणून आपण तिला गप्प बसवतो. या प्रश्नाचे उत्तर पुण्यात शिकलेल्या एका मुलीच्या चरित्रात सापडते. म्हणून ती हकीकत भगिनींपुढे ठेवीत आहे.

इरावती करमरकर यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तिकडील इरावती नदीवरूनच त्यांचे नाव ठेवले. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत पाठविले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री जमली आणि पुढे त्या मैत्रिणीच्याच घरी त्या राहू लागल्या. शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर परांजपे हे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. देवाधर्माची गोष्टही बुद्धीला पटल्यावाचून न मानणारे. फर्ग्युसनमध्येच इरावतीबाईंनी तत्त्वज्ञान घेतले व १९२६ साली त्या बी. ए. झाल्या.

या विषयाने हाती कसब येत नाही, हे खरे. पण ‘हे खरे कशावरून?’ असे विचारण्याची आणि उत्तर मिळेपर्यंत न थांबण्याची सवय मात्र लागते. पुढे मुंबईस डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास करून त्या एम. ए. झाल्या. दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी विवाह झाल्यावर जर्मनीस जाण्याचे ठरले. सासरे महर्षी कर्वे यांनी स्त्रीशिक्षणासाठी सारे आयुष्य वेचलेले. तरी सुनेने इतक्या दूर जावे, हे त्यांना मान्य नव्हते. दिनकरराव मात्र पत्नीच्या पाठीशी उभे राहिले.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते प्राध्यापक ऑयगेन फिशर. गोऱ्या लोकांची बुद्धी वरचढ असते व तिची खूण कवटीच्या ठेवणीत सापडेल, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या. वंशावरून तसा भेद दिसेना. तेव्हा गुरूंच्या मर्जीचा विचार न करता, जे दिसले तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. फिशर यांच्या मतांचा पुढे नाझी राजवटीने आधार घेतला, हे लक्षात घेतले म्हणजे परक्या देशातील त्या एकट्या मुलीच्या धैर्याची कल्पना येते.

महाभारतातील थोरामोठ्यांनाही त्यांनी तसेच निर्भयपणे प्रश्न विचारले. तेच १९६७ सालचे ‘युगान्त’. त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

हे सारे केवळ त्या बी. ए.च्या पदवीने घडले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रश्न विचारणाऱ्या मुलीला त्या घराने आणि त्या कॉलेजने गप्प बसविले नाही, एवढे निश्चित. येत्या जूनमध्ये आपल्यापैकी कोणाच्या मुलीने हा विषय मागितला, तर ‘उपयोग काय?’ असे विचारण्यापूर्वी आपणही क्षणभर थांबू या.