मुलांच्या वेदनांचे शास्त्र घरापर्यंत पोहोचावे

प्रतिनिधी, बार्शीटाकळी

दुर्धर आजाराने ग्रासलेल्या मुलांच्या वेदना कमी करण्याबाबत जगभर संशोधन झाले आहे. मात्र ते बहुतांशी इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांतच राहते. बार्शीटाकळीसारख्या तालुक्यातील आई, आशा कार्यकर्ती आणि परिचारिका यांना ते समजेल अशा भाषेत मिळाले, तरच मुलांना त्याचा लाभ होईल.

मूळ कल्पना

या काळजीला उपशामक उपचार किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या व्याख्येनुसार ती मुलाच्या शरीर-मनाची सर्वांगीण काळजी असून कुटुंबाला आधार देणे हाही तिचाच भाग आहे. ती निदानापासून सुरू होते आणि मूळ आजारावरील उपचारांसोबत चालते. 'डॉक्टरांनी हात टेकले' असा तिचा अर्थ नव्हे. कर्करोगाप्रमाणेच सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया आणि विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळणारा सिकलसेल या आजारांतही ती उपयुक्त ठरते.

कोणाला काय सांगावे?

मुलांसाठी : २००१ मध्ये सुधारित झालेल्या चेहऱ्यांच्या वेदनापट्टीत सहा चित्रे आहेत. साधारण चार वर्षांपुढील मूल त्यावर बोट ठेवून आपली वेदना सांगू शकते.

पालक व आशांसाठी : बोलू न शकणाऱ्या बाळाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच खुणा पाहाव्यात. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यावेत. दहापैकी बेरीज जितकी अधिक, तितकी वेदना तीव्र.

डॉक्टरांसाठी : वैद्यकीय देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन तीव्र वेदनांवर प्रभावी असते. अमली पदार्थविषयक कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी त्याची परवाना प्रक्रिया सोपी केली.

प्रशासनासाठी : 'लॅन्सेट' आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार दरवर्षी सुमारे २५ लाख मुले गंभीर वेदना सोसत मृत्युमुखी पडतात. त्यांपैकी ९८ टक्के विकसनशील देशांतील असतात.

महाराष्ट्राचा अनुभव

ही काळजी महानगराबाहेरही देता येते, हे राज्यात दिसले आहे. टाटा स्मारक रुग्णालय व आंतरराष्ट्रीय बाल उपशामक उपचार संघटना यांच्या सहभागाने २०१० मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात मुंबईच्या शीव रुग्णालयासोबत आदिवासीबहुल जव्हारच्या कुटीर रुग्णालयाचाही समावेश होता.

केवळ भाषांतर अपुरे

'वेदनेची तीव्रता किती?' या प्रश्नापुढे वऱ्हाडातील लहान मूल गप्प राहील. 'लय दुखून रायलं का रे बापू?' असे विचारल्यास ते बोलेल. म्हणून माहितीपत्रक छापण्यापूर्वी ते पाच-दहा मातांना वाचून दाखवावे आणि त्यांना त्यातून काय समजले, ते त्यांच्याच शब्दांत सांगण्यास सांगावे. जे सांगता आले नाही, ते पुन्हा लिहावे.