धनगराचा राखणदार

भातकापणी आटोपली की देशावरील धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात. रायगड जिल्ह्यातील रिकाम्या खाचरांत त्यांची मेंढरे बसविली जातात. शेतास लेंडीखत लाभते. धनगरास धान्य किंवा रोख मोबदला मिळतो. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, मेंढरांभोवती रात्री वाघर आणि बाहेर जागा असलेला कुत्रा, हे दृश्य अलिबागच्या वाचकांस नवे नाही. त्या कुत्र्याची जात विचारली, तर मात्र ‘गावठी’ एवढेच उत्तर मिळते. इतिहासाच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे आहे.

मेंढपाळाचा कुत्रा फार प्राचीन आहे. ईयोबच्या ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात कळपाच्या कुत्र्यांचा उल्लेख येतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हॅरो या रोमन लेखकाने अशा कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा चामडी पट्टा बांधण्यास सांगितले. पुढच्या शतकातील कोलुमेला याने पांढरा कुत्रा पसंत केला. कारण अंधुक प्रकाशात लांडगा समजून आपल्याच कुत्र्यावर घाव पडू नये. दोघांच्याही मनात शत्रू एकच होता: लांडगा.

इंग्लंडमधून मध्ययुगाच्या अखेरीस लांडगा नष्ट झाला. पुढे स्कॉटलंडमधूनही नाहीसा झाला. राखण करण्याचे कारण संपले आणि कळप हाकणाऱ्या चपळ कुत्र्याचे महत्त्व वाढले. १८९३ साली नॉर्थंबरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा आजच्या बॉर्डर कॉलीचा मूळपुरुष मानला जातो. हा कुत्रा दबा धरतो, नजर रोखतो, पाठलाग करतो; पण चावा घेत नाही. लांडग्याचीच शिकारी वृत्ती माणसाने निवडीने अर्ध्यावर थांबविली आहे.

दख्खनच्या माळरानावर लांडगा टिकून राहिला. म्हणून येथील कुत्राही राखणदारच राहिला. पिलू असल्यापासून तो मेंढरांत वाढतो, त्यांनाच आपला गोतावळा मानतो. मेंढरे वळविणे हे धनगराचे काम. परक्याची चाहूल लागताच भुंकून उठणे हे कुत्र्याचे. खंडोबाच्या चित्रांत घोड्यासोबत कुत्राही दिसतो, यावरून धनगरी जीवनातील त्याचे स्थान कळावे.

कॉलीसाठी १९०६ साली संस्था स्थापन झाली आणि वंशावळी लिहिल्या गेल्या. आपल्या देशातही हिमाचलातील गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यास कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेने अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. धनगराच्या कुत्र्यास अशी मान्यता नाही. त्याची निवड झाली ती कागदावर नव्हे, कामावर. पण ती निवडच होती. माळराने आक्रसत आहेत, चराईच्या वाटा बंद होत आहेत आणि धनगरांची मुले अन्य व्यवसायांकडे वळत आहेत. वाडे कोकणात उतरेनासे झाले, तर पिढ्यान्‌पिढ्या घडलेले हे गुण नोंद होण्यापूर्वीच लोपतील. म्हणून यंदा वाडा आपल्या शिवारात बसेल तेव्हा वाडवडिलांकडून आलेली कुत्र्यांची माहिती धनगरास विचारून लिहून ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.