उज्जयिनीतील विद्येचा योगक्षेम

उज्जयिनीच्या विद्याजीवनात १९५७ हे साल विलक्षण म्हटले पाहिजे. त्या वर्षीच्या १ मार्चला तेथे विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. तीनच आठवड्यांनी, २२ मार्चला, भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका अंगीकारली. तिची गणिते ज्या मध्यवर्ती स्थानासाठी करावयाची त्याचे अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जयिनीचेच, धरण्यात आले. आणि त्याच वर्षी उज्जयिनीत राहणारे एक मराठी चित्रकार, विष्णु श्रीधर वाकणकर, आगगाडीतून जाताना भोपाळच्या दक्षिणेस दिसलेल्या खडकांचा माग काढीत पायी डोंगरात शिरले, आणि भीमबेटकाची आदिमानवाची चित्रसंपत्ती जगापुढे आली. पहिल्या घटनेमागे राज्याचा खजिना होता. दुसरीमागे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ साली नेमलेली मेघनाद साहा यांची समिती होती. तिसरीमागे एका माणसाचे डोळे आणि पाय होते.

विद्या निःस्वार्थ असते, असे आपण व्याख्यानांतून सांगतो. पण विद्वानाला भाडे द्यावे लागते, पोथीला वेष्टन लागते, आणि उत्खननातील मजुरांची मजुरी वेळेवर चुकवावी लागते. उज्जयिनीसारख्या नगरीचा विद्येतिहास लिहिताना ही बाजू बहुधा सुटते. राजाश्रयाचा गौरव होतो, हिशेब होत नाही. तो थोडासा मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठ्यांचा उज्जयिनीशी संबंध राणोजी शिंद्यांपासूनचा. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, हे प्रसिद्ध आहे. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरीस नेले, आणि उज्जयिनी राजधानी न राहता क्षेत्र राहिली. या स्थलांतराचा विद्येवर झालेला परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. तेव्हापासून उज्जयिनीतील विद्येला लागणारा पैसा बाहेरून येऊ लागला : आधी ग्वाल्हेरीहून, नंतर भोपाळ आणि दिल्लीहून. देणारा दूर असला म्हणजे त्याला समारंभ दिसतो, रोजचे काम दिसत नाही.

तरीही ग्वाल्हेर दरबाराने काही गोष्टी मनापासून केल्या, हे नाकारता येणार नाही. वेधशाळेचेच उदाहरण घ्या. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा जवळजवळ दोनशे वर्षे मोडकळीस पडून होती. इकडे महाराष्ट्रात पंचांगांचा वाद पेटलेला. ग्रहणाच्या वेळा चुकतात, तिथी जुळत नाहीत, म्हणून १९०४ साली मुंबईस, १९१७ साली पुण्यास व १९२० साली सांगलीस परिषदा भरल्या. लोकमान्य टिळकांनी त्या प्रश्नात किती लक्ष घातले होते, हे वाचकांस ठाऊकच आहे. परिषदांनी वाद मिटला नाही. मात्र प्रत्यक्ष वेध घेतल्यावाचून गणित सुधारत नाही, ही जाणीव त्यांनी रुजविली, आणि हे काम थोडे नव्हे. १९२३ साली माधवराव महाराज शिंद्यांनी वेधशाळेचा जीर्णोद्धार करविला. तेथील पंडित नारायणजी व्यास आणि मराठी ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे हे या कामाचे मुख्य प्रेरक. आपटे तेथील पहिले अधीक्षक झाले. 'सर्वानंदकरण' हा संस्कृत करणग्रंथ रचणारा हा माणूस आधुनिक गणितातही मुरलेला होता. वेधशाळेतून १९४२ पासून दरवर्षी दृश्य ग्रहांचे पंचांग प्रसिद्ध होऊ लागले.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. जीर्णोद्धाराचा खर्च एकदाच झाला. त्याचे श्रेय महाराजांना मिळाले व ते योग्यच आहे. पण पंचांग दरसाल निघते ते गणित करणारा पगारी माणूस तेथे बसलेला असतो म्हणून. यंत्र बांधणारा दाता शोधून सापडतो. यंत्राशेजारी बसणाऱ्याला दरमहा वेतन देणारा सापडणे कठीण. राष्ट्रीय दिनदर्शिकेने उज्जयिनीचे अक्षांश घेतले, रेखांश मात्र साडेब्याऐंशी अंशांचे घेतले. सिद्धांतग्रंथांची मध्यरेखा ज्या नगरीतून जात होती तिला निम्मा मान मिळाला. विक्रमाच्या नगरीने शालिवाहनाच्या शकाला आपले अक्षांश द्यावेत, हाही इतिहासाचा एक विनोदच.

पुरातत्त्वाच्या बाबतीत ग्वाल्हेर संस्थान पुष्कळ संस्थानांच्या पुढे होते. १९१३ साली तेथे स्वतंत्र खाते निघाले व मोरेश्वर बळवंत गर्दे त्याचे पहिले अधीक्षक झाले. बाघच्या लेण्यांतील चित्रे ओलीने नष्ट होत होती. १९२१ साली दरबाराने नंदलाल बसू, असितकुमार हालदार व सुरेंद्रनाथ कर यांस बोलावून त्यांच्या प्रतिकृती करविल्या. आज मूळ चित्रांची अवस्था पाहिली म्हणजे त्या खर्चाचे मोल कळते. खुद्द उज्जयिनीत १९३८-३९ साली गर्दे यांच्या देखरेखीखाली गढ आणि कुम्हार टेकडी येथे उत्खनन झाले; १९५५ ते १९५८ या काळात केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने नि. र. बॅनर्जी यांनी ते काम पुढे नेले व प्राचीन नगराच्या तटबंदीचा माग लावला. गर्दे यांच्याकडे फार मोठा निधी होता असे नव्हे. त्यांच्याकडे पद होते, वर्षांमागून वर्षे टिकलेले पद, आणि त्या पदावरून सबंध संस्थानातील शिलालेख, मूर्ती व मंदिरे यांची नोंद करण्याची सवड होती. सवड हा संशोधनाच्या अंदाजपत्रकातील सर्वांत महाग आणि कोणत्याही तक्त्यात न दाखविला जाणारा रकाना होय.

१९३१ साली उज्जयिनीत प्राच्य ग्रंथसंग्रह स्थापन झाला. पुढे तो सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठान या नावाने ओळखला गेला व विक्रम विद्यापीठाचा भाग झाला. माळव्यातील शास्त्रीपंडितांच्या घरोघरी वाळवीच्या तोंडी जात असलेल्या पोथ्या येथे आल्या. गिलगिट येथे सापडलेल्या प्राचीन बौद्ध हस्तलिखितांपैकी काही पानेही या संग्रहात आहेत. सदाशिव लक्ष्मण कात्रे यांच्यासारख्या मराठी विद्वानाने या पोथ्यांमध्ये वर्षे घालविली; अज्ञात ग्रंथकारांवरील त्यांचे लेख देशभरच्या संशोधनपत्रिकांतून येत. पोथीच्या सूचीची ओळ लिहिणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. आरंभ तुटलेला, शेवट नाही, कर्त्याचे नाव पुष्पिकेत असावयाचे ती पुष्पिका वाळवीने खाल्लेली. अशा पोथीचा विषय, काळ व कर्ता ठरवून एक ओळ लिहावयाची. त्या एका ओळीला कधी एक दिवस, कधी एक महिना लागतो. या कामासाठी मानपत्र देण्याची चाल आपल्याकडे नाही.

याच्या उलट, समारंभांना आपल्याकडे आश्रय लवकर मिळतो. विक्रम संवताची दोन हजार वर्षे पुरी झाली तेव्हा, १९४३-४४ च्या सुमारास, उज्जयिनीत द्विसहस्राब्दीचा मोठा उत्साह उसळला. सूर्यनारायण व्यास त्याचे प्राण होते. त्या उत्साहातून स्मृतिग्रंथ निघाले आणि विद्यापीठाची कल्पना दृढ झाली. १९५८ पासून कालिदास समारोह सुरू झाला. त्याच्या उद्घाटनास राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. १९७२ साली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे सव्विसावे अधिवेशन उज्जयिनीत भरले. ज्या परिषदेचा जन्म १९१९ साली पुण्यास भांडारकर संस्थेच्या अंगणात झाला, ती त्रेपन्न वर्षांनी कालिदासाच्या नगरीत यावी, याचा मराठी मनाला आनंद वाटणे साहजिक आहे.

अधिवेशनांची थट्टा करणे सोपे आहे. हारतुरे, भोजने, वीस मिनिटांत गुंडाळलेले निबंध यांवर पुष्कळांनी लेखणी चालविली आहे. मी तसे करणार नाही. जिल्ह्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्या शिक्षकाला आपला विषय समजणारा दुसरा माणूस वर्षातून एकदा भेटतो तो अशाच ठिकाणी. पंचांग परिषदांवाचून वेधशाळेचे दगड कदाचित तसेच पडून राहिले असते. दोष अधिवेशनांत नाही. तीन दिवसांच्या अधिवेशनाला जे मिळते ते तीन वर्षांच्या सूचिकार्याला मिळत नाही, हा दोष आहे. पुण्यातील महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची कथा या दृष्टीने पाहावी. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ साली त्यासाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. पैसा तर मोठा खराच, पण त्याहून मोठे ते जवळजवळ अर्धशतक न थांबता चाललेले धैर्य. अनेक दाते आले, संस्थाने गेली, संपादक वारले, काम चालू राहिले. उज्जयिनीत असे एखादे दीर्घसूत्री कार्य उभे राहिले नाही, याची खंत वाटते.

वाकणकरांनी मात्र ती उणीव आपल्या परीने भरून काढली. त्यांना दोराबजी टाटा न्यासाचे प्रवासवेतन मिळाले, फ्रान्सच्या शासनाची शिष्यवृत्ती मिळाली. पण ही साह्ये भीमबेटका सापडल्यानंतरची. आधी काम, मग आश्रय, हा त्यांच्या आयुष्याचा क्रम. १९६४ साली उज्जयिनीच्या पूर्वेस कायथा हे स्थळ त्यांच्या नजरेस आले. वराहमिहिराचे कपित्थक ते हेच असावे, असे पुष्कळ विद्वान मानतात. १९६५-६६ साली विक्रम विद्यापीठाच्या वतीने त्यांनी तेथे उत्खनन केले, आणि माळव्यातील ताम्रपाषाणयुगाचा एक अज्ञात थर उजेडात आला. १९६८ साली डेक्कन कॉलेज व विक्रम विद्यापीठ यांनी मिळून पुन्हा खणले; झै. दा. अन्सारी व म. के. ढवळीकर यांनी ते काम पाहिले आणि त्याचा ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला. प्रादेशिक अभ्यासाला लागणारे सारे घटक येथे एकदाच एकत्र आलेले दिसतात : भूमी पायाखालून गेलेला स्थानिक माणूस, त्याला उभे करणारे विद्यापीठ, आणि शास्त्रीय साधने घेऊन येणारी बाहेरची संस्था. उत्खननाला पैसा मिळतो, वृत्तांत लिहावयास मिळत नाही, ही पुरातत्त्वज्ञांची जुनी तक्रार. कायथाच्या बाबतीत ती करण्याचे कारण उरले नाही. वाकणकर १९८८ साली निवर्तले. २००३ साली भीमबेटकाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले.

आता आपल्या, म्हणजे मराठी वाचकांच्या, खास जिव्हाळ्याची गोष्ट. माळव्याचा अठराव्या शतकाचा इतिहास मुख्यतः मोडीत लिहिलेला आहे. ग्वाल्हेर संस्थानाच्या आश्रयाने आनंद भाऊ फाळके यांनी १९२९ पासून 'शिंदेशाही इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. तीत कोट्याच्या गुळगुळे दफ्तरातील पत्रांचा फार मोठा वाटा आहे. शिंद्यांच्या वतीने कोट्यास राहून लालाजी बल्लाळ गुळगुळे यांनी जो पत्रव्यवहार केला त्यावाचून राजपुतान्यातील मराठी राजकारण अंधारातच राहिले असते. महादजींविषयीची पत्रे १९३७ साली रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली ग्वाल्हेरीने छापविली. इंदूर दरबारानेही वासुदेव वामन ठाकूर यांच्याकडून होळकरशाहीची साधने संपादित करून घेतली. सुमारे दोन दशकांत एवढे काम झाले. नंतर संस्थाने विलीन झाली. त्यांच्या छापखान्यांबरोबर मोडी वाचणारा पगारी कारकूनही गेला. शाळांतूनही मोडी उठली. नवी विद्यापीठे हिंदी भाषक प्रदेशात उभी राहिली. त्यांना या कागदांविषयी आदर होता, पण वाचणारे हात त्यांनी कोठून आणावयाचे?

हा भार उचलला तो उज्जयिनीपासून फार दूर नसलेल्या सीतामऊच्या एका राजपूत राजपुत्राने. डॉ. रघुबीरसिंह यांनी 'मालवा इन ट्रान्झिशन' हा ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध केला, यदुनाथ सरकार व सरदेसाई यांच्या सहवासात मराठी साधनांचे महत्त्व ओळखले, आणि आपल्या घरच्या ग्रंथालयात फार्सी व मराठी कागदांचा संग्रह केला. त्यातून १९७४ साली श्री नटनागर शोध संस्थान निर्माण झाले. मूळ गुळगुळे दफ्तर तेथे जाऊन पोहोचले. कोट्यातील एका मराठी घराण्याची पत्रे माळव्यातील एका राजपूत घराण्याने जपली, आणि ती वाचावयास आता पुण्याहून, कोल्हापुराहून किंवा नागपुराहून मोडी जाणणारा कोणी जावा लागतो. त्याच्या जाण्यायेण्याचा आणि तेथे सहा महिने राहण्याचा खर्च एखाद्या अधिवेशनाच्या मंडपापेक्षा कमीच येईल.