जळू, सह्याद्री आणि हिरुडिन

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला तेरावा अध्याय जळवांवर आहे. त्यात बारा प्रकार सांगितले आहेत, सहा सविष आणि सहा निर्विष. निर्विष जळवा कुठे चांगल्या मिळतात त्या प्रदेशांत यवन, पांड्य यांच्याबरोबर सह्य हे नाव येते, म्हणजे आपला सह्याद्री. (पावसाळ्यात गड चढताना पायाला चिकटणारी ती ही नव्हे. ग्रंथातली जळू पाण्यात राहणारी आहे.)

पद्धतही बारकाईने दिली आहे. जळवेला मोहरी आणि हळदीचे पाणी लावून मग दुखऱ्या जागी लावायची. काम झाल्यावर तिच्या तोंडाला तेल-मीठ चोळून प्यालेले रक्त ओकायला लावायचे. नंतर रक्त किती वाहिले ते पाहून जखमेवर मध चोळणे, थंड पाणी ओतणे, पट्टी बांधणे किंवा लेप लावणे यांतला उपाय करायचा. राजा, बालक, वृद्ध, भित्रा, दुर्बळ अशांसाठी रक्त काढण्याचा हा सर्वांत सौम्य मार्ग मानला आहे.

इथे विद्यार्थ्यांनी सावध राहावे. 'सुश्रुताला हिरुडिन ठाऊक होते' असे विधान अनेकदा ऐकू येते. ते ग्रंथाला धरून नाही. वाग्भटाच्या मते हंस जसा पाण्यातून दूध वेगळे घेतो, तशी जळू शुद्ध-अशुद्ध रक्तातून आधी दूषित रक्त घेते. म्हणजे उपचाराचे कारण जळू काय शोषून घेते यात शोधले होते. जळू शरीरात काय सोडते हा प्रश्न तिथे नाही. युरोपातही समज फारसा वेगळा नव्हता. फ्रान्समध्ये ब्रूसे या डॉक्टरच्या प्रभावाने जळवांचे इतके वेड लागले की १८३३ या एका वर्षात ४ कोटींहून अधिक जळवा आयात झाल्या.

तो प्रश्न १८८४ मध्ये जॉन बेरी हेक्राफ्ट यांनी सोडवला. जळवेच्या डोक्याचा अर्क रक्तात मिसळला की रक्त गोठत नाही, हे त्यांनी दाखवले. १९०४ मध्ये याकोबी यांनी त्यातल्या द्रव्याला हिरुडिन हे नाव दिले. हेपॅरिन अजून सापडायचे होते, त्यामुळे रक्त शरीराबाहेर काढून पुन्हा आत सोडायचे तर हिरुडिनचाच आधार होता. १९१३ मध्ये अमेरिकेत एबल आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर कृत्रिम मूत्रपिंड चालवले ते त्याच्या बळावर. १९२४ मध्ये जर्मनीत गीसेन येथे गेऑर्ग हास यांनी माणसावर पहिले डायलिसिस केले, तेही हिरुडिन वापरून. पण तो अर्क अशुद्ध आणि महाग होता. शुद्ध हेपॅरिन मिळू लागल्यावर हिरुडिन मागे पडले.

१९५० च्या दशकात मार्कवार्ट यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हे ६५ अमिनो आम्लांचे लहान प्रथिन आहे. रक्त गोठवताना थ्रॉम्बिन हे विकर फायब्रिनोजेनचे फायब्रिन बनवते. हिरुडिन थेट थ्रॉम्बिनलाच घट्ट धरते. हेपॅरिनला त्यासाठी अँटिथ्रॉम्बिनची मदत लागते. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण काही रुग्णांमध्ये हेपॅरिनमुळेच प्लेटलेट्स कमी होऊन गुठळ्या होतात. अशांसाठी लेपिरुडिन हे औषध १९९० च्या दशकात आले. ते यीस्टमध्ये जनुक घालून बनवलेले हिरुडिन होते, जळवेशिवाय. आज त्याची विक्री बंद आहे; त्याच रचनेवरून घडवलेले बायव्हॅलिरुडिन अँजिओप्लास्टीत वापरले जाते.

गंमत अशी की द्रव्य प्रयोगशाळेत बनू लागले त्याच सुमारास जळू स्वतः शस्त्रक्रियागृहात परतली. १९८५ मध्ये बोस्टनमध्ये एका मुलाचा तुटलेला कान जोडल्यावर साकळणारे रक्त जळवांनी काढले. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधी जळवांना वैद्यकीय साधन म्हणून परवानगी दिली. वाग्भटाने एकदा वापरलेली जळू सात दिवस पुन्हा लावू नये असे म्हटले आहे. आता ती एकाच रुग्णासाठी वापरतात आणि नंतर नष्ट करतात, कारण तिच्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे जखमेत संसर्ग होऊ शकतो.